वेर्नर नापास झाला नव्हता

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याच्याशी माझं तसंही कामापुरतंच बोलणं असतं. आज लिहायला बसलेय तर पेनचं टोपण दोनदा काढून पुन्हा लावलं. शाई वाळू नये म्हणून लावलं असं म्हणायची सोय आहे, म्हणून तसंच म्हणू या.

आधी किरकोळ गुन्हे सांगते, म्हणजे मोठ्यापर्यंत जायला धीर येईल. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाफ्यातला पुदिना मी गेली कित्येक वर्षं चोरते, आणि त्यांच्याच टेबलाशी कॉफी पीत ‘यंदा गोगलगायी फार झाल्यात’ म्हणून हळहळते. नातीला लपवून चॉकलेट देते आणि तिच्या आईसमोर तिलाच डोळे वटारते. तिला बिचारीला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते, आणि कधीच चुगली करत नाही. हे सगळं मी कोणासमोरही हसत हसत कबूल करीन. पण एक गोष्ट अशी आहे, जी मी हसत हसतच लपवली. इतकी बेमालूम की लोक ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे.

म्युनिकमधल्या जुन्या मराठी मंडळींनी तो किस्सा ऐकला असेल. दिवाळीचं एकत्र जेवण, श्रीखंड वाढून झालं की कोणीतरी म्हणायचंच, “काकू, तो अकरा भावांचा किस्सा सांगा ना.” आणि काकू सांगायच्या. पदर खोचून, हातवारे करून. माझा जर्मन नवरा सरकारी ऑफिसात गेला, त्याला बायकोची माहिती विचारली, आणि या पठ्ठ्याने सांगितलं की तिला अकरा भाऊ आहेत! लोक हसून लोळायचे. वेर्नर, म्हणजे माझा नवरा, तो कोपऱ्यात ताट घेऊन बसलेला असायचा. तोही हसायचा. त्याचे कान लाल व्हायचे.

ते कान मला दिसायचे. तरी मी सांगायचे.

तो किस्सा मी चुकीचा सांगत आले. चुकीचा म्हणजे — थांबा. असं नको. क्रमाने जाते.

वेर्नर आत्ता स्वयंपाकघरात आहे. चमचे पुसतोय. पुसून खणात ठेवतो, आणि खण उघडून पुन्हा पुसायला घेतो. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणतेय, पण हाक मारताना आजही ‘अहो’. मिरजेच्या घरी आईने बाबांना कधी नावाने हाक मारली नाही. मी तिथलं सगळं झुगारून आले म्हणून मिरवत होते, आणि विमानातून नेमकं हेच माझ्याबरोबर उतरलं. हे ‘अहो’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक. आमच्या दाराची बेल अचानक वाजली ना, की माझ्या मनात आजही पहिला विचार येतो बाथरूमचा. दोघांचे टूथब्रश एकाच पेल्यात आहेत ना? त्याच्या सपाता दारात दिसतायत ना? आणि बाहेर कोण, तर पार्सलवाला! नागरिकत्व मिळून एक जमाना झाला, मुलीला मुलगी झाली, आणि म्हातारी टूथब्रश मोजतेय. हसा तुम्ही. मीसुद्धा हसते. पण दार उघडेपर्यंत छातीत जे काही धडधडतं ते हसू नाही, एवढं मला कळतं.

तर ती. तेव्हाची मी. तिला ‘मी’ म्हणणं मला जरा जड जातं, म्हणून ‘ती’च म्हणते. चापूनचोपून घातलेली वेणी, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि स्वतःबद्दल इतकी खात्री की बघणाऱ्याला दमायला व्हावं. शाळेत कायम पहिली. पेपर लिहिताना डाव्या हाताचा तळवा उत्तरावर आडवा धरायची, शेजारणीला दिसू नये म्हणून. नोट्स मागितल्या की ‘हरवल्या गं’ म्हणायची. अशी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते आणि सगळ्या वर्गाला तिचा राग येतो. तो राग योग्यच असतो.

रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला म्युनिकला निघाली, तर गल्लीने तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. अजून काही केलं नव्हतं हो, नुसतं तिकीट काढलं होतं! बाबांनी भाषणात ‘आमच्या डॉक्टर’ म्हटलं, आणि या बयेने मान खाली घालून ते घेतलं. दुसऱ्या वर्षी इथले तिचे प्रोफेसर आजारी पडले. काम बंद, स्कॉलरशिप बंद. व्हिसा त्या जागेला बांधलेला — जागा गेली, की परत जा. बर्लिनची भिंत उभी होती त्या काळातली गोष्ट ही. नोकरी शोधायला जास्तीची मुदत वगैरे आजच्या पोरांचे लाड तेव्हा नव्हते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? परत जायचं. बरोबर आहे. पण शाल परत कशी करायची? श्रीफळाच्या तर वड्या होऊन संपल्या होत्या. स्टेशनवर उतरून गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत डिग्रीशिवाय चालत जायचं — ते तेवढं अंतर तिला सगळ्या युरोपपेक्षा लांब वाटत होतं. झोपायची नाही. खायची नाही. कॅलेंडरकडे पाठ करून बसायची, जसं काही तारखा पाठीकडून येत नाहीत.

वेर्नर शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी परदेशी लोकांना जर्मन. ती त्याच्या वर्गात होती. तिथेही हात कायम वर. त्याला ती आवडायला लागली, हे सगळ्या वर्गाला कळलं, तिला सगळ्यात आधी कळलं. क्लास सुटला की तो तिला यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या जिन्यापर्यंत सोडायला यायचा, आपल्या ब्रेत्सेलचा, त्या वेटोळ्या खाऱ्या पावाचा मोठा अर्धा तुकडा तिला द्यायचा. आणि एके दिवशी तिने त्याला व्हिसा संपायची तारीख सांगितली. रडली नाही. रडणं म्हणजे मागणं झालं असतं, आणि मागायची तिला सवय नव्हती. फक्त तारीख सांगितली आणि गप्प राहिली. बगळा पाण्यात उभा राहतो ना, तशी.

त्याने ईझारच्या काठावर लग्नाचं विचारलं. मार्च महिना, नदीचं पाणी बर्फाचंच, आणि हा वेडा पाण्यात पाय सोडून बसलेला. तिने हो म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाला, थांब. एक विचारतो, आणि आयुष्यात पुन्हा कधी विचारणार नाही.

“हे व्हिसासाठी नाही ना? असेल तरी मी मागे हटणार नाही. आपण लग्न करू, तू तुझं शिक्षण पूर्ण कर, पुढचं पुढे. फक्त मला माहीत असायला हवं.”

असं विचारलं त्याने. दार सताड उघडं ठेवून विचारलं. ‘हो’ म्हटलं असतं तरी तिला तेच मिळणार होतं, हे कळतंय ना तुम्हाला? तिलाही कळलं होतं. तरी ती ‘नाही’ म्हणाली. वर्गात हात वर करायची तितक्याच चटकन.

का? आवडायचा का तो तिला? आवडायचा. थंडीत उबदार खोली आवडते तसा. पण खोटं का बोलली? कारण ‘हो’ म्हटलं असतं तर ती त्याच्यापुढे गरजू ठरली असती. ‘नाही’ म्हटल्यावर ती प्रेमिका ठरली. पहिल्या नंबरची खोडच ती — अर्धे मार्क घेऊन पुढे जायचं तिला जमायचंच नाही.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती कबुली. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं, आणि त्यातल्या त्यात बरं वाटायचं. तरुण पोर, घाबरलेली, एक खोटं बोलली. पण ते नाही. म्हणजे तेही आहे. पण त्याच्या पुढे आहे.

लग्न झालं. ऑफिसात, दोन साक्षीदार, एक फुलांचा गुच्छ, बाहेर आल्यावर त्याच्या बहिणीने केलेला केक. मिरजेला नंतर कळवलं. बाबांचं उत्तर यायला फार वेळ लागला, ते एक वेगळंच. आता परदेशी लोकांच्या ऑफिसातून, आउसलेंडरआम्टमधून, नवीन परवानगी मिळायची होती. आणि होस्टेलवरच्या एका मैत्रिणीने तिच्या कानात भीती घातली. म्हणे ते लग्न खरं का खोटं ते बघतात. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात. कोणा एकाला बायकोच्या टूथब्रशचा रंग सांगता आला नाही, तर तिला परत पाठवून दिलं. घरीसुद्धा येतात म्हणे, न सांगता, बेल वाजवून.

परीक्षा! ऐकल्यावर तिच्या जिवात जीव आला, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण परीक्षा ही तिला येणारी एकमेव गोष्ट होती. तिने नवऱ्याचा अभ्यास सुरू केला. लिहून काही ठेवलं नाही, पुरावा नको एवढी अक्कल होती. सगळं तोंडपाठ. बुटाचा नंबर. कोणत्या कानाने कमी ऐकू येतं. दाढीचा साबण. लहानपणी पाळलेल्या कासवाचं नाव. आउग्सबुर्गच्या आत्याला गुडघेदुखी आहे की संधिवात. नाश्त्याला त्याच्यासमोर बसून विचारायची, आणि तो बूट घालायला उठला की भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. मिरजेत परवचा म्हणायची तशी.

आणि वेर्नर? तो फुलला हो. आई गेल्यापासून त्याला कोणी इतकं काही विचारलंच नव्हतं. त्याची बहीण एकदा तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “तो मला फोनवर सांगतो, ‘तिला माझ्याबद्दल सगळं जाणून घ्यायचं असतं.’ मला इतकं बरं वाटलं.” आणि हिने काय करावं? लाजली. चक्क लाजली!

पण त्याच्याकडून तयारी करून घेतली नाही. एक अक्षर सांगितलं नाही. बोलावणं आलं तेव्हाही ‘सह्या करायच्या असतील’ म्हणाली. कशी सांगणार? ‘परीक्षा आहे’ म्हटलं की त्याने विचारलं असतं, तुला कशाची भीती वाटते? आपलं तर खरं आहे ना? म्हणून हरवल्या, नोट्स हरवल्या.

ऑफिसातल्या बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. आधी ती आत गेली. सगळी उत्तरं आली. आत्याचा संधिवातसुद्धा विचारला असता तर सांगितला असता. स्वतःबद्दल विचारलं तेव्हा तिने कागदोपत्री असेल तेच सांगितलं — जन्मतारीख पासपोर्टवरची, भाऊ एक, नवऱ्याला हाक मारते ‘वेर्नर’. जर्मन बायका मारतात तशी. बाहेर येऊन बाकावर बसली आणि वेर्नर आत गेला. काही तयारी न करता, हात खिशात घालून, जसा तो दुधाची बाटली आणायला जायचा. सरकारी शाळेतला मास्तर. सरकारने विचारलं की आपण खरं सांगायचं, एवढंच त्याला ठाऊक.

थोड्या वेळाने बाईंनी तिलाही आत घेतलं. वेर्नरचे कान लाल झाले होते. बाई कागदावर पेन आपटत म्हणाल्या, “तुमच्या पत्नीला तुमच्याबद्दल सगळं माहीत आहे. तुम्हाला मात्र पत्नीबद्दल काहीच माहीत नाही. तिचा जन्म एक जूनचा. तुम्ही म्हणता ऑगस्ट.”

“तिने मला ऑगस्ट सांगितलंय,” वेर्नर म्हणाला.

“तिला एक भाऊ आहे. तुम्ही म्हणता अकरा. सासूबाईंचं नाव तुम्ही सांगितलंत ‘आई’. आणि ती तुम्हाला नावाने हाक मारते म्हणते, तर तुम्ही म्हणता — काय ते?”

“अहो.”

“म्हणजे काय?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, त्याचा अर्थ मी.”

आता लक्ष द्या. त्याचं एकही उत्तर चुकीचं नव्हतं.

मी ऑगस्टचीच. श्रावणातली, नारळी पौर्णिमेची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लावला, जसा त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राला लावला. अकरा भाऊ? एक सख्खा, बाकीचे चुलत, मामे, आते, मावस. पण आम्ही कुठे चुलत म्हणतो? ‘माझा भाऊ’ म्हणतो. मी एकेकाची गोष्ट सांगायचे, आणि त्याने मोजले होते. मोजले होते हो त्याने! आईला मी ‘आई’ म्हणायचे, दुसरं नाव त्याच्या कानावर येणार कुठून? आणि ‘अहो’ तर मी दिवसातून शंभरदा म्हणायचे. त्याने मी बोललेलं ऐकलं होतं. सहज, जगता जगता. घोकून नव्हे. त्या खोलीत लग्न केलेला माणूस एकच होता, आणि तो नापास ठरत होता.

बाई माझ्याकडे वळल्या. ‘ती’कडे नव्हे. इथून पुढे मला ‘ती’ म्हणवत नाही. माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

एक वाक्य पुरलं असतं. तो खरं बोलतोय, मी तुम्हाला कागदावरचं सांगितलं. एवढंच. पण मग त्या म्हणाल्या असत्या, का? घरच्या गोष्टी घरच्यासारख्या का नाही सांगितल्यात? तयारी करून आलात? आणि वेर्नर शेजारी बसून ऐकत होता.

मी म्हटलं, “नाही.” डाव्या हाताचा तळवा टेबलावर पालथा होता. तो मला अजून दिसतो.

परवानगी मिळाली, पण थोड्याच मुदतीची. पुन्हा बोलावू, पुन्हा विचारू, असं बजावून. बाहेर आलो तर वेर्नर जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. वर्दळीच्या जिन्यावर, लोकांच्या पायांमध्ये. म्हणाला, माझ्यामुळे तुला हाकलून दिलं असतं. तू मला एवढं ओळखतेस, आणि मी तुला ओळखतच नाही. मला माफ कर.

आणि मी त्याला माफ केलं. ऐकलंत? मी. त्याला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या मनाने म्हटलं, “असू दे.”

हे ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा सांगता आलं नाही, ठीक. पण संध्याकाळी? दुसऱ्या दिवशी? पुढच्या वर्षी? काय आहे, मला त्यातली सोय कळली होती. स्वतःला गुन्हेगार समजणारा माणूस प्रश्न विचारत नाही. नदीकाठचा तो प्रश्न आता तो कधी मनातसुद्धा आणणार नव्हता, कारण पिंजऱ्यात तो उभा होता. आणि तिथे त्याला उभा करून मी निवांत झाले. भांडण झालं की हुकमाचं पान माझ्याकडे: “तुम्हाला तर माझ्या आईचं नाव सांगता आलं नव्हतं.” तो उठून भांडी पुसायला घ्यायचा. दर वेळी. पुढे भांडणात सांगायची मजा गेली, म्हणून मी तो किस्सा पंगतीत सांगायला लागले.

तोवर त्याचा अभ्यास सुरू झाला होता. पुन्हा बोलावणार म्हणाले होते ना! रविवारी दुपारी समोर बसून विचारायचा. आजोळ कुठलं? कोणत्या मैत्रिणीशी अबोला धरलास? भूगोलाचा मास्तर, त्याने मिरजेच्या आमच्या गल्लीचा नकाशा काढला, पिठाच्या गिरणीसकट. आम्ही तिकडे गेलो तेव्हा माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तिच्याकडून मराठी शिकला — म्हणून तर अजून ‘मी येते’, ‘मी जाते’ करतो. तुसड्या बाबांना त्याने कसं जिंकलं ते सांगत बसले तर रात्र होईल. ऑफिसने आम्हाला पुन्हा प्रश्न काही विचारले नाहीत. दर खेपेला नुसता शिक्का. पण दर खेपेला तो आदल्या दिवसापासून जेवायचा नाही, आणि तो जेवत नाही हे मी नुसतं बघत बसायचे.

मला डिग्री मिळाली. दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ लागलं. आणि याच भानगडीत कधीतरी मी त्याच्या प्रेमात पडले. कधी ते विचारू नका. एका रविवारी तो माझ्या गेलेल्या आजीबद्दल विचारत होता आणि मी उत्तर देता देता त्याच्या हातांकडे बघत होते, एवढं आठवतं. हे सांगते ते माझ्या बाजूने मोजू नका. उलट आहे. प्रेम नसताना लपवलं ते एक. प्रेम बसल्यावरही लपवलं, ते?

आता अलीकडचं. वेर्नर विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग स्टेशनांची नावं, मग मुलीचा फोन आला की ‘कोण?’ लेकीने मेमरी क्लिनिकची वेळ घेतली. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, आवाज लोण्यासारखा. टेबलाच्या पलीकडे बसली, कागद पुढे ओढला आणि पेन उचललं. तिचा चष्मा साखळीने गळ्यात होता. हल्ली त्याची पुन्हा फॅशन आलीय म्हणे.

मी वेर्नरकडे पाहिलं. त्याने पाठ ताठ केली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं पांढरी.

तिने विचारलं, “आज वार कोणता?”

“तिच्या आईचं नाव सुशीला,” वेर्नर म्हणाला. “पासपोर्टवर जन्म एक जूनचा, खरा श्रावणातला, पौर्णिमेचा. दोन्ही लिहा. सख्खा भाऊ एक. चुलत, मामे, आते, मावस मिळून दहा.” आणि सगळी नावं. ओळीने. मलाही हल्ली दोन आठवत नाहीत. “चहात साखर घालत नाही, पण माझ्या कपातली चमच्याने खाते. मला ‘अहो’ म्हणते. तो मान देण्याचा शब्द आहे. मी विचारून घेतलंय.”

कपाळावर घाम होता त्याच्या. डॉक्टर मुलीला काही कळेना, पण स्वभावाने चांगली असावी. पेन खाली ठेवून म्हणाली, “तुम्ही तुमच्या पत्नीला फार छान ओळखता.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला. मग पुढे वाकून, अगदी हळू आवाजात, “आल्झो — मग ती इथे राहू शकते?”

डॉक्टर मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. “अर्थात,” ती म्हणाली, “अर्थात राहू शकतात.”

एवढा मोठा श्वास सोडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्यानंतर त्याला वार सांगता आला नाही, महिना सांगता आला नाही, घड्याळाचे काटे काढता आले नाहीत. पण तो खुशीत होता.

बाहेर आलो. समोर छोटी बाग आहे, तिथल्या बाकावर बसलो. हेच. आत्ताच. नाहीतर केव्हा? मी त्याचा हात धरला आणि सांगितलं. आधी जर्मनमध्ये, मग मराठीत, म्हणजे कुठूनतरी आत जाईल. “अहो, तुम्ही तेव्हाही नापास झाला नव्हतात. तुमचं बरोबर होतं. मी पाठांतर करून गेले होते. आणि नदीवर तुम्ही विचारलंत ना, व्हिसासाठी आहे का? होतं. व्हिसासाठीच होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईने इकडेतिकडे, बागेत, क्लिनिकच्या दाराकडे. मग माझ्या तोंडावर अलगद बोट ठेवलं.

“हळू,” तो म्हणाला. “त्यांना सांगू नकोस.”

त्याला कळलं का? आधीपासून ठाऊक होतं का? की नुसतं मला वाचवत होता, काय वाचवतोय हे न कळताच? मी त्याच्या चेहऱ्यात शोधत राहिले. तो बदकं बघत होता. हात मात्र सोडला नाही.

त्या दिवशी घरी आले ती हलकी होऊन. वाटलं, झालं एकदाचं. सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. मागून येऊन तो टेबलाशी बसला. कान लाल. म्हणाला, काल ऑफिसात माझ्यामुळे तुला हाकलून दिलं असतं. मला तुझ्याबद्दल काहीच सांगता आलं नाही. मला माफ कर.

मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. सांगायला काय लागतं? काल सांगितलेलंच पुन्हा सांगायचं. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. परवानगी काढून घेणारं कोणी नव्हतं. तो उद्या विसरणार, हेही ठाऊक होतं.

कप त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“असू दे,” म्हटलं.